न दिसणारं काम : वनराज भाटिया यांचं संगीत

मैत्रिणींनो, लिरिल साबणाची जुनी जाहिरात आठवते ना? धबधब्यात भिजणारी मुलगी, लिंबू, आणि एकही अर्थाचा शब्द नसलेली ती नुसती ‘ला ला’ची चाल. आता अमूलच्या जाहिरातीत वाजणारं, डोक्यावर दुधाच्या चरव्या घेतलेल्या बायकांचं ते गुजराती वळणाचं गाणं आठवा. आणि मग रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ सुरू होताना घुमणारे ते संस्कृत मंत्र. तिन्ही आवाज तुमच्या कानात आत्ता वाजले असतील. पण तिन्हींचं संगीत एकाच माणसाचं आहे, हे किती जणींना माहीत आहे? मी महिला मंडळात आमच्या दहाबारा जणींना विचारलं. गाणी सगळ्यांनी गुणगुणून दाखवली, नाव एकीलाही सांगता आलं नाही.

त्यांचं नाव वनराज भाटिया. जन्म ३१ मे १९२७, मुंबई. निधन ७ मे २०२१, तेही मुंबईतच.

नाव माहीत नसण्यात आपला फारसा दोष नाही. त्यांच्या कामाचं स्वरूपच तसं होतं. सिनेमातलं गाणं म्हणजे ताटातला गोड पदार्थ. तो दिसतो, त्याचं कौतुक होतं, ‘कोणी केलाय?’ असं विचारलं जातं. पार्श्वसंगीत म्हणजे वरणातलं मीठ. बरोबर पडलं तर त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. कमी पडलं किंवा जास्त झालं, तरच जेवणारा मान वर करतो. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजवावं लागत नाही. केर काढलेला कोणाला दिसत नाही, न काढलेला सगळ्यांना दिसतो. भाटियांनी आयुष्यभर हेच, न दिसणारं काम केलं आणि ते करताना हात कधी आखडता घेतला नाही. म्हणूनच त्यांच्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

घर कच्छी भाटिया समाजाचं. शाळा मुंबईतली न्यू इरा. लहानपणी ऑपेरा हाऊसजवळच्या देवधर मास्तरांच्या संगीत विद्यालयात त्यांनी हिंदुस्थानी संगीताचे धडे घेतले. प्रा. बी. आर. देवधर म्हणजे पलुसकरांचे शिष्य, कुमार गंधर्वांचे गुरू. एवढ्या भक्कम ठिकाणी पाया घातला गेला, पण मुलाचं मन भलतीकडेच ओढलं गेलं. किशोरवयात त्यांनी चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराचा पहिला पियानो कॉन्चेर्टो ऐकला आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचं वेड लागलं. डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षं ते पियानो शिकले. सोबत एल्फिन्स्टन कॉलेजातून १९४९ साली इंग्रजी घेऊन एम.ए. केलं.

मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक. तिथून १९५४ साली ते सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. त्यानंतर शिष्यवृत्तीवर पॅरिस, आणि तिथे नादिया बुलांजे या बाईंकडे शिक्षण. या बाईंबद्दल थोडं थांबून सांगितलंच पाहिजे. विसाव्या शतकातल्या संगीत रचनाकारांची जणू टांकसाळच होती ती. अमेरिकेचे आरन कोपलंड त्यांच्याकडे शिकले, क्विन्सी जोन्स शिकले, पुढे फिलिप ग्लास शिकले. अर्जेंटिनाचे पियात्सोला हे तर स्वतःचं टँगो वाजवणं लपवून, मोठं ‘गंभीर’ संगीत शिकायला त्यांच्याकडे गेले होते. बाईंनी त्यांचा टँगो ऐकला आणि तुझं खरं संगीत हेच आहे, ते सोडू नकोस, असं बजावलं. जगभरातून आलेल्या मुलांना बाई व्याकरण पक्कं शिकवत, पण बोली ज्याची त्याची राहू देत. भाटियांचं पुढचं काम पाहताना मला हीच गोष्ट राहून राहून आठवते.

१९५९ च्या सुमारास ते भारतात परतले. हाताशी युरोपातलं उत्तमातलं उत्तम शिक्षण, आणि इथे ते वापरायला जागा नाही. सिंफनी लिहिली तरी ती वाजवणार कोण? मुंबईत हौशी वादक होते, चर्चमध्ये शिकलेले गोव्याचे वादक होते, पण पगारी, कायमचा वाद्यवृंद नव्हता. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया एनसीपीएमध्ये सुरू झाला २००६ साली, म्हणजे तेव्हा भाटिया ऐंशीला टेकले होते! परतल्यावर त्यांना दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे रीडर म्हणून नोकरी मिळाली. १९६० ते १९६५ अशी पाच वर्षं त्यांनी ती केली. मग मुंबई गाठली ती जाहिरातींसाठी.

भारतात जाहिरातपटाला खास संगीत करून देणारा पहिला संगीतकार म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. सुरुवात शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातीपासून झाली. तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हते. जाहिरात बघायची ती थिएटरात, सिनेमा सुरू होण्याआधी. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १९६७ मध्ये, दूरदर्शनवर १९७६ मध्ये. म्हणजे हा धंदा भाटियांच्या डोळ्यांसमोर रांगायला लागला आणि धावायला लागला. त्यांच्या जिंगल्सची संख्या सात हजारांवर सांगितली जाते. लिरिल, गार्डन वरेली साड्या, ड्युलक्सचा रंग ही त्यांतली आपल्या ओळखीची नावं.

‘एवढा शिकलेला माणूस आणि साबणाच्या जाहिराती करत बसला!’ असं हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. तीस सेकंदांत एक चाल सुरू करायची, कानात बसवायची आणि संपवायची, हे सोपं वाटतं ज्याने कधी केलं नाही त्यालाच. आणि लिरिलच्या चालीत तर शब्दांचाही आधार नाही. शब्द नसल्यामुळे ती मराठी घरात, तमिळ घरात, पंजाबी घरात सारखीच पोचली. शिवाय पोट भरायचं होतं. पोटासाठी केलेलं काम नीट करणाऱ्या माणसाबद्दल हळहळायचं काय कारण?

आणि याच धंद्यात त्यांना श्याम बेनेगल भेटले. बेनेगलही मूळचे जाहिरातवालेच, लिंटास कंपनीत कॉपी लिहायचे, मग जाहिरातपट करू लागले. १९७४ साली त्यांनी पहिला सिनेमा केला, ‘अंकुर’, आणि संगीत दिलं भाटियांकडे. ‘अंकुर’मध्ये नेहमीसारखी गाणी नाहीत. तेलंगणातलं खेडं, जमीनदाराचा मुलगा, कामवाली लक्ष्मी, तिचा मुका नवरा. ज्या काळात सिनेमा म्हणजे सहा गाणी हे ठरलेलं होतं, त्या काळात संगीतकाराला सांगायचं की गाणी नकोत, फक्त जिथे गरज आहे तिथे सूर दे! हे ऐकून दुसऱ्या कोणी नाक मुरडलं असतं.

इथे पार्श्वसंगीत कसं व्हायचं ते सांगते, म्हणजे भाटियांचं वेगळेपण लक्षात येईल. सिनेमाचं चित्रीकरण आणि जोडणी झाली की संगीतकार आणि दिग्दर्शक एकत्र बसून तो बघतात. कुठे संगीत सुरू करायचं, कुठे थांबवायचं, कुठे अजिबात नको, हे ठरवतात. मग प्रत्येक तुकड्याचे सेकंद मोजायचे, त्या मापाचं संगीत लिहायचं आणि वादकांना बसवून, पडद्यावर चित्र चालवून ते वाजवून घ्यायचं. ब्लाउज शिवण्यासारखंच आहे, मापात अर्धा इंच चुकलं तरी खांद्याला ओढ बसते. हिंदी सिनेमात बहुतेक संगीतकार चाल द्यायचे, आणि व्हायोलिनं काय वाजवतील, बासरी कुठे येईल हे लिहून काढायचे संयोजक. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशी ही गोव्याची माणसं. त्यांचीही नावं आपल्याला माहीत नसतात, तो वेगळ्याच लेखाचा विषय. भाटियांना मात्र असा मधला माणूस लागायचा नाही. प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं हे कागदावर उतरवण्याचं शिक्षणच त्यांनी युरोपात घेतलं होतं.

‘अंकुर’नंतर ‘निशांत’ आला आणि १९७६ ला ‘मंथन’. ‘मंथन’ची गोष्ट आपल्या स्वयंपाकघराशी बांधलेली आहे, कारण ती दुधाची गोष्ट आहे. गुजरातेतल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये काढले आणि त्या दहा लाखांत सिनेमा झाला. कथेमागे डॉ. कुरियन यांचं सहकारी दूध चळवळीचं काम, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, पडद्यावर स्मिता पाटील. प्रीती सागर यांनी गायलेलं त्यातलं गाणं एखाद्या हिंदी गाण्यासारखं मध्येच उगवत नाही. कोणी ओठ हलवून ते म्हणत नाही. ते पाठीमागून येतं, माणसं आपापली कामं करत राहतात. म्हणजे गाणंच इथे पार्श्वसंगीताचं काम करतं. प्रीती सागर यांना या गाण्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे अमूलने तेच जाहिरातीत घेतलं आणि पुष्कळांना वाटायला लागलं की हे कुठलंतरी जुनं लोकगीत आहे. चाल लोकगीत वाटावी याहून मोठी पावती ती कोणती? पण अशी पावती मिळाली की चाल बांधणाऱ्याचं नाव पुसलं जातं, हेही खरं.

आता ‘भूमिका’. माझ्या मते त्यांचं सगळ्यात बारकाईचं काम हे. १९७७ चा हा सिनेमा हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या मराठी आत्मकथनावर आधारलेला. आपल्यापैकी अनेकींनी ते पुस्तक वाचलं असेल, काहींनी घरातल्या मोठ्या माणसांपासून लपवून वाचलं असेल! कथा एका नटीची, तिच्या लहानपणापासून, म्हणजे बोलपट नवे होते तेव्हापासून पुढच्या काही दशकांची. तिचे सिनेमे जसजसे बदलतात तसतशी त्यांतली गाणीही बदलायला हवीत. तीस सालचं गाणं तीस सालासारखं वाजलं पाहिजे, पन्नासचं पन्नाससारखं.

भाटियांनी काय केलं, तर नुसती जुनी वाद्यं आणि जुन्या चाली घेऊन ते थांबले नाहीत. त्यांनी जुने गळे आणले. एक गाणं त्यांनी सरस्वतीबाई राणे यांच्याकडून गाऊन घेतलं, सोबत त्यांची नात मीना फातर्पेकर. सरस्वतीबाई म्हणजे किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी, हिराबाई बडोदेकरांची धाकटी बहीण, आणि १९४३ च्या ‘रामराज्य’ सिनेमात बीनेचं ते गाजलेलं गाणं गाणाऱ्या. दुसरं गाणं पंडित फिरोज दस्तूर यांचं. ते सवाई गंधर्वांचे शिष्य, पण त्याआधी लहानपणी वाडिया मूव्हिटोनच्या बोलपटांत गाणारे बालनट. १९३३ च्या ‘लाल-ए-यमन’मध्ये ते होते. आणि तिसरे चंद्रू आत्मा, जुन्या जमान्याचे गायक सी. एच. आत्मा यांचे भाऊ. बघा, ज्या काळातली गाणी बनवायची त्या काळातच ज्यांचा गळा घडला किंवा ज्यांच्या घरात ते वळण होतं, अशी माणसं शोधून काढली. आजीच्या हातची चव हवी असेल तर आजीची कृती लिहून घेऊन भागत नाही, आजीलाच ओट्याशी उभं करावं लागतं.

या तिघांना एकत्र आणणारा माणूस पॅरिसला फ्यूग लिहायला शिकलेला होता, हे विसरू नका. बोली ज्याची त्याची राहू द्यायची, ती हीच.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतल्या बाकीच्या कामाची नुसती यादी दिली तरी पान भरेल. ‘जुनून’, ‘कलयुग’, ‘मंडी’. अपर्णा सेन यांचा पहिला सिनेमा ‘३६ चौरंगी लेन’ (१९८१), त्यात कोलकात्यातली एकटी अँग्लो-इंडियन शिक्षिका, म्हणजे तिथे त्यांचं पाश्चात्त्य शिक्षण अगदी घरच्यासारखं कामी आलं. कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ (१९८३), जो आपण सगळ्यांनी हसून हसून पाहिला. गोव्यातून पोर्तुगीज जाण्याच्या वेळची कथा सांगणारा ‘त्रिकाल’ (१९८५), लोटलीला मारियो मिरांडा यांच्या जुन्या घरात चित्रित झालेला. पुढे १९९६ चा ‘सरदारी बेगम’, ठुमरी गाणाऱ्या बाईची कथा. त्यात आशाताईंबरोबर आपल्या आरती अंकलीकरांचा आवाज आहे. तेलंगणाचं खेडं, खेड्याचं दूध, बोलपटाचा स्टुडिओ, कोठा, चर्च. प्रत्येक ठिकाणी संगीत त्या मातीचं.

‘तमस’बद्दल मात्र घाईने लिहिता येणार नाही.

भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरची गोविंद निहलानी यांची ही मालिका १९८८ च्या सुरुवातीला दूरदर्शनवर आली. आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधीच उरकलेली असायची, त्यामुळे रात्रीच्या मालिका बघायला घरातल्या बायकाही मोकळ्या. सासूबाई, जाऊबाई, मी, सगळ्या सतरंजीवर. फाळणीच्या दंगलींची कथा. ती दाखवू नये म्हणून कोर्टात अर्ज झाला होता, मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि दाखवायला परवानगी दिली, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. पहिल्याच प्रसंगात ओम पुरीला डुक्कर मारायला लावतात. तो प्रसंग लागल्यावर सासूबाई उठून आतच गेल्या. मीही पाठ फिरवून बसले. बघायचं नाही म्हणून पाठ फिरवता येते, पण कान कुठे फिरवणार? शीर्षकाच्या वेळची, रब्बाला घातलेली ती आर्त हाक आतल्या खोलीत सासूबाईंनाही ऐकू जात होती. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्या एवढंच म्हणाल्या, “कोणाची तरी आई रडत होती गं काल.” मालिका त्यांनी पुढे पाहिली नाही, पण ती लागली की आतून ऐकत असत.

किती वाद्यं, कुठला राग, कुठली पद्धत हे मला सांगता येणार नाही. पण दंगलीच्या कथेत संगीतकाराला मोह होतो ढोल बडवण्याचा, भीती वाटावी म्हणून तारवाद्यं किंचाळवण्याचा. ‘तमस’ची आठवण राहते ती मात्र एका माणसाच्या हाकेची. ती हाक हिंदूची की मुसलमानाची की शिखाची, हे नुसतं ऐकून कळत नाही. या संगीतासाठी भाटियांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९८९ मध्ये.

त्याच सुमारास ‘भारत एक खोज’ सुरू झाली. नेहरूंच्या पुस्तकावर बेनेगलांनी केलेली ५३ भागांची मालिका. तिच्या सुरुवातीला त्यांनी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त घेतलं, सोबत वसंत देव यांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद. वसंत देव मराठी-हिंदी दोन्हीकडे लीलया वावरणारे, ‘भूमिका’च्या गाण्यांतही त्यांचा हात होता. हे सूक्त मोठं विलक्षण आहे. सुरुवातीला काय होतं, हे कोणी केलं, करणाऱ्याला तरी माहीत आहे का, असे त्यात प्रश्नच प्रश्न आहेत. उत्तर नाही. भाटियांनी ते देवळातल्या आरतीसारखं गोड केलं नाही की भीतिदायकही केलं नाही. समूहाचे आवाज एकावर एक रचत नेले आणि प्रश्नाला प्रश्नच राहू दिलं. आमच्या घरात सृष्टीला कर्ता नाही असं मानणारी माणसं, तरी रविवारी ते सुरू झालं की हातातलं काम ठेवून सगळे गप्प बसायचे.

नव्वदीनंतर समांतर सिनेमाच आटत गेला. भाटियांनी ‘दामिनी’सारख्या व्यावसायिक सिनेमांचं पार्श्वसंगीत केलं. तिथे गाण्यांचं संगीत दुसऱ्याचं, पोस्टरवर मोठं नाव त्यांचं, आणि कोर्टातल्या प्रसंगामागचे सूर भाटियांचे. मनात मात्र कधीपासून एक ऑपेरा होता, गिरीश कर्नाड यांच्या ‘अग्निवर्षा’वर. महाभारताच्या वनपर्वातल्या यवक्रीताच्या कथेवर कर्नाडांनी हे नाटक लिहिलं. भारतात ऑपेरा गाणारे किती आणि ऐकणारे किती! त्याचं सादरीकरण झालं ते न्यू यॉर्कला, २०१२ साली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. वय ८४.

२०१२ हे साल आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे, आणि मला खरं तर इथेच यायचं होतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी संगीत करून घेतलं, आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या संगीताचा मालक निर्माता. संगीतकाराला ठरलेली रक्कम मिळाली, विषय संपला. मग ती चाल चाळीस वर्षं रेडिओवर वाजो, टीव्हीवर वाजो. हा नियम बदलला २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत जोर लावला होता. सिनेमागृहाबाहेर संगीत जिथे जिथे वापरलं जाईल तिथल्या मानधनात गीतकार-संगीतकाराचा वाटा राहील आणि तो वाटा करारात लिहून घेऊनही कोणाला काढून घेता येणार नाही, असं कायद्यात आलं. चांगलंच झालं. पण भाटियांचं बहुतेक सगळं काम त्याच्या आधीचं.

२०१९ च्या जानेवारीत जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा मुंबईत आले होते आणि त्यांनी भाटियांची एक रचना वाजवली. त्याच वर्षी सप्टेंबरात वर्तमानपत्रांत बातमी आली, की ९२ वर्षांच्या वनराज भाटियांच्या बँकेच्या खात्यात पैसे उरलेले नाहीत, गुडघेदुखीने हिंडणंफिरणं अवघड झालं आहे, स्मरणशक्ती साथ देत नाही, आणि घरातली परदेशी कपबशांची भांडी विकून दिवस काढणं चाललं आहे. लग्न केलेलं नव्हतं, घरात सोबतीला कामाचा माणूस. बातमी वाचून मदतीला काही हात पुढे आले.

तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी मला त्या बातमीखाली लिहून पाठवलं होतं, ‘कलाकार असेच फकीर असतात, कशाचा मोह नसतो.’ मला राग आला. स्वतःहून सोडणं आणि हातात न येणं या दोन गोष्टी आहेत. ज्याने सोडलं त्याला नमस्कार करावा. ज्याच्यापर्यंत पोचलंच नाही त्याच्या बाबतीत हिशोब विचारावा. कपबश्या विकणारा माणूस त्यागी नसतो, त्याला त्या कपातून चहा प्यायचा असतो. सात हजार जिंगल्स, चाळीसेक वर्षं सिनेमा आणि मालिका, एवढं काम केलेल्या माणसाला म्हातारपणी घराचं सामान मोडावं लागतं, याला साधेपणाचं गोंडस नाव देऊन आपण आपली सुटका करून घेतो. घरात आयुष्यभर राबलेल्या बाईबद्दलही आपण हेच म्हणतो ना, ‘तिला कशाचीच हौस नव्हती’? तिला कोणी विचारलं होतं का?

२०२१ च्या मे महिन्यात करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. रोज इतकी माणसं जात होती की एका ९३ वर्षांच्या संगीतकाराच्या जाण्याची बातमी आतल्या पानात दोन दिवसांत विरून गेली. २०२४ मध्ये ‘मंथन’ची प्रत दुरुस्त करून ती आधी कान महोत्सवात आणि मग आपल्याकडच्या थिएटरांत दाखवली. आमच्या गावाजवळच्या मल्टिप्लेक्सला लागली तेव्हा मी दोन्ही सुनांना घेऊन गेले. धाकटी शेजारी बसून गाणं गुणगुणत होती आणि म्हणाली, “आई, ही तर अमूलची जाहिरात!”

बघायचं असेल तर ‘भूमिका’पासून सुरुवात करा, त्यातल्या सरस्वतीबाईंच्या गाण्यासाठी तरी. ‘भारत एक खोज’ नातवंडांना सोबत घेऊन बघण्यासारखी आहे. ‘तमस’ मात्र एकटीने आणि रात्री बघू नका.